डिस्नीत टेबल मिळालं नाही, आता सहा जणांच्या जेवणाचं काय?

पत्र थोडक्यात असं: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीकडे साताऱ्याहून सासू-सासरे आले आहेत. जुलैमध्ये ते दोघं, ही नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी असे सहा जण ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बघायला जाणार आहेत. विमान, जवळच्या किसिमी गावात भाड्याचं घर, गाडी, पार्कची तिकिटं, सगळं झालं. निघायला तीन आठवडे उरले तेव्हा तिला कळलं की पार्कमधल्या रेस्टॉरंटचं बुकिंग ६० दिवस आधीच सुरू होतं. ॲप उघडलं तर जिथे जायचं तिथे जागाच नाही. मुलीला राजकन्येसोबत जेवायचं कबूल केलेलं. सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळी घेतली की जेवण लांबून चालत नाही. सासू-सासरे दोघेही शाकाहारी. नवरा म्हणतो, तिथे गेल्यावर बघू. ओळखीतल्या बायका म्हणतात, रिझर्व्हेशनशिवाय गेलात तर हाल होतील. सासूबाई म्हणतात, आमचं मनावर घेऊ नकोस, आम्ही केळी खाऊन राहू. हे शेवटचं वाक्य तिला फार लागलं आहे. ट्रिप पुढे ढकलावी, की रोज पहाटे उठून सहा जणांचा स्वयंपाक करून न्यावा, असं ती विचारते.

प्रिय मैत्रिणी,

ट्रिप पुढे ढकलू नका. हे सगळ्यात आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. आई-बाबा आज हिंडू-फिरू शकतात, मुलगी अजून राजकन्यांच्या वयात आहे आणि मुलगा आजीआजोबांबरोबर यायला खुशीने तयार आहे. हे सगळं पुढच्या वर्षी असंच जुळून येईल याची खात्री कोणी द्यावी? लग्नात पहिली पंगत चुकली म्हणून कोणी उपाशी घरी जात नाही. तुमची पहिली पंगत चुकली आहे, एवढंच झालंय.

आणि ती चुकली यात तुमचा हलगर्जीपणा तुम्हाला वाटतो तेवढा नाही. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतचं बुकिंग एकदम करता येतं. तुम्ही भाड्याच्या घरात उतरणार, म्हणजे तुम्हाला एकेका दिवसाचं बुकिंग त्या-त्या दिवसाच्या ६० दिवस आधी करावं लागलं असतं. सगळ्यांना हवी असलेली टेबलं तोवर बरीचशी गेलेली असतात. अलार्म लावून उठला असतात तरी सहा जणांसाठी सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं टेबल मिळालंच असतं असं नाही.

आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. ते टेबल मिळालं असतं तर तुमच्या काळज्या मिटल्या असत्या का? पत्र नीट वाचलं तर त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाबांना वेळेवर जेवण मिळायला हवं, मुलीला राजकन्या भेटायला हवी, आणि सगळ्यांनी एकदा तरी निवांत एकत्र बसून जेवावं असं तुम्हाला वाटतंय. रिझर्व्हेशन मिळालं की तिन्ही गोष्टी आपोआप होतील, असं तुम्ही धरून चालला आहात.

बाबांचंच बघा. रिझर्व्हेशन पावणेएकचं असलं म्हणजे पावणेएकला ताट समोर येतं असं नाही. दारात नाव सांगायचं, टेबल तयार व्हायची वाट बघायची, मग मेनू, मग ऑर्डर. पहिला घास पोटात जाईपर्यंत सहज पाऊण तास जातो, गर्दीच्या दिवशी जास्तच. म्हणजे गोळी आणि जेवण यांचं जे गणित तुम्हाला सांभाळायचंय, ते रिझर्व्हेशननेही सुटलं नसतंच. उलट टेबल आहे या भरवशावर तुम्ही बरोबर काही नेलं नसतं.

म्हणून पहिला नियम असा करा की बाबांचं जेवण कुठल्याही रांगेवर, यादीवर किंवा ॲपवर अवलंबून ठेवायचं नाही. ते तुमच्या पिशवीत असेल आणि त्यांच्या वेळेला उघडलं जाईल, मग बाकीचे तेव्हा जेवत असोत किंवा नसोत. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हाला हे माहीत नसावं: डिस्ने वर्ल्डच्या पार्कांत स्वतःपुरतं खाणं आणि पाणी आत नेता येतं. आपल्याकडे बहुतेक पार्कांच्या दारात बाहेरचं खाणं काढून घेतात, त्यामुळे तिथेही तसंच असेल असं आपण गृहीत धरतो. तिथे चालत नाहीत त्या गोष्टी थोड्याच आहेत: दारू, काचेच्या बाटल्या-बरण्या, सुटा बर्फ आणि फार मोठा कूलर. लहान बाळाच्या खाण्याच्या काचेच्या बाटलीला तेवढी सूट आहे. गरम करावं लागेल असं काही नेऊ नका, ते तिथे गरम करून देत नाहीत. लोणचं न्यायचं असेल तर काचेची बरणी घरी ठेवून प्लॅस्टिकच्या डबीत घाला. दारावरच्या तपासणीत स्टीलचा डबा उघडून दाखवायला सांगू शकतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

डब्यात काय न्यावं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण जुलैतला फ्लोरिडा ध्यानात ठेवा. हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी दमट असते आणि पिशवी तासन्‌तास पाठीवर असते. दहीभात, ओलं खोबरं घातलेली भाजी, उकडलेल्या बटाट्याची सँडविचेस दुपारपर्यंत टिकणार नाहीत. दशम्या टिकतात. दुधात भिजवलेल्या, थोडं जास्त तेल लावून भाजलेल्या दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, भाजलेले चणे, खाकरे, कमी तेलाचा पातळ पोह्यांचा चिवडा. प्रत्येकाची पुडी वेगळी बांधा, म्हणजे पार्कमध्ये बाकावर बसून सगळी पिशवी उपसावी लागत नाही. बाबांची पुडी आईंच्या पर्समध्ये असू द्या, तुमच्या पाठीवरच्या पिशवीत नको. कारण तुम्ही मुलांबरोबर एखाद्या राईडच्या रांगेत अडकाल आणि ते दोघं बाहेर सावलीत बसलेले असतील, बाबांना भूक नेमकी तेव्हा लागेल.

निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलून घ्या. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त चालणं होणार आहे, तेही उन्हात. त्या दिवसांत गोळीची मात्रा आणि वेळ काय ठेवायची हे डॉक्टरांनीच सांगायला हवं, मी नाही. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी बाबांच्या शर्टाच्या खिशात असू दे. प्रत्येक पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र असतं, ते सकाळी आत शिरताच नकाशात बघून ठेवा. ज्या वाचकांच्या घरी कोणी इन्शुलिन घेतं त्यांच्यासाठी: तिथे औषध थंड ठेवण्याची सोय होते, फक्त विचारायला संकोचू नका.

डबा गाडीत ठेवू आणि मधे येऊन खाऊ, असा विचार करत असाल तर मॅजिक किंगडमच्या, म्हणजे सिंड्रेलाचा किल्ला असलेल्या पार्कच्या दिवशी तो सोडून द्या. तिथलं पार्किंग पार्कच्या दाराशी नाही. गाडी लावली की मोनोरेल किंवा बोटीने पार्कपर्यंत जावं लागतं, त्यामुळे जाण्या-येण्यातच दुपार संपते. ॲनिमल किंगडम, हॉलिवुड स्टुडिओज आणि एपकॉट या बाकीच्या तीन पार्कांत पार्किंग दारापासून जवळ आहे, पण जुलैत बंद गाडीत अन्न ठेवू नयेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, रोज पहाटे उठून सहा जणांचा स्वयंपाक करण्याच्या. हे करू नका. बाबांच्या दोन वेळा आणि सगळ्यांना मधल्या वेळेचं, एवढंच घरून न्या. दशम्या-ठेपले न्यू जर्सीहून निघतानाच करून न्या, पहिले दोन दिवस निघतील. पुढे ऑर्लँडोत भारतीय किराण्याची दुकानं आहेत, तिथे तयार ठेपले मिळतात. पाच वाजता उठून कणीक मळायची आणि आठ वाजता पार्कच्या दारात उभं राहायचं, असं केलंत तर तिसऱ्या दिवशी तुम्ही मुलांवर ओरडायला लागाल. सगळ्यांची भूक तुमच्या एकटीच्या पदरात कशी पडली, हेही मला विचारावंसं वाटतं. पत्रात नवरा काय म्हणाला ते आहे, सासूबाई काय म्हणाल्या ते आहे, पण कोण काय करणार हे कुठेच नाही. आणि आई साताऱ्यात इतकी वर्षं घर चालवून आल्या आहेत. ठेपले त्यांना लाटू द्या. केळी खाऊन राहू म्हणण्यापेक्षा त्यांना ते नक्की आवडेल.

केळ्यांच्या त्या वाक्याबद्दल थोडं. ते तुम्हाला टोमण्यासारखं लागलं, पण मला ते तसं वाटलं नाही. आपल्यामुळे सुनेला त्रास नको, असं आपल्याकडच्या बायका याच शब्दांत सांगतात. तरीही ते जसंच्या तसं स्वीकारू नका, कारण केळी खाऊन कोणी चार दिवस चालत नाही आणि मधुमेह असलेल्या माणसाने तर नाहीच. त्यांना नेमकं विचारा. ज्या तेलात चिकन तळलंय त्यात तळलेले बटाटे चालतील का? अंडं घातलेला केक चालेल का? चीज चालेल का? काय खाल, असं मोघम विचारलंत तर काहीही चालेल असंच उत्तर येतं, नेमकं विचारलं की नेमकं कळतं. कितीतरी घरांत असं निघतं की बाबांना पिझ्झा मनापासून आवडतो आणि आईंचा आक्षेप फक्त तव्याला असतो. जुलैत आषाढी येत असेल तर कॅलेंडर बघून ठेवा. एकादशी पार्कच्या दिवशी आली तर फळांची सोय तिथे होते, मॅजिक किंगडममध्ये लिबर्टी स्क्वेअर मार्केट नावाच्या टपरीवर कापलेली-न कापलेली फळं मिळतात.

आता बाकीच्यांचं जेवण. रिझर्व्हेशन लागतं ते टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटला. पार्कमध्ये त्याहून कितीतरी जास्त ठिकाणं काउंटरवरून घेऊन खायची आहेत आणि तिथे आधी काहीच करावं लागत नाही. डिस्नीच्या ॲपमधून मोबाइल ऑर्डर करा. सकाळी पार्कमध्ये शिरतानाच दुपारची वेळ निवडून ऑर्डर देऊन ठेवता येते. त्या वेळी तिथे पोहोचलं की ॲपमध्ये आलो असं कळवायचं, मग ते बनवायला घेतात. साडेअकरा ते दीड ही सगळ्या जगाची जेवायची वेळ असते, तेव्हा अकराच्या सुमाराची किंवा अडीच-तीनची वेळ घ्या. मी तुम्हाला अकराचीच घ्यायला सांगेन. जुलैत ऑर्लँडोला दुपारी बहुधा विजा आणि पाऊस असतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड बंद होतात आणि सगळी माणसं छताखाली धावतात, म्हणजे रेस्टॉरंटांतच. त्या वेळी तुमची पोटं भरलेली असावीत.

शाकाहारी मिळतं का? मिळतं. मेनूवर पानाचं चिन्ह असलेले पदार्थ संपूर्ण वनस्पतिजन्य असतात, दूध-अंडंही त्यात नसतं, तेव्हा आई-बाबांसाठी ते चिन्ह शोधा. ॲनिमल किंगडममधलं सातुली कँटीन मला अशा कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. तिथे वाडगा आपणच जुळवायचा असतो, भात आणि बीन्स खाली, वर मसाल्याचा तळलेला टोफू, सॉस वेगळा. आत थंडगार असतं आणि बसायला जागाही बरी आहे. एपकॉटमध्ये ‘द लँड’ या इमारतीत सनशाइन सीझन्स आहे, मोठं आणि पूर्ण छताखालचं. मॅजिक किंगडममध्ये कोलंबिया हार्बर हाउसचा वरचा मजला दुपारीही त्यातल्या त्यात शांत असतो, गुडघे दुखत असतील तर मात्र खालीच बसा. या काउंटरवाल्या ठिकाणी बाकीच्यांनी काही घेतलं आणि बाबांनी शेजारी बसून आपली दशमी खाल्ली तर कोणी हटकत नाही. काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका.

टेबलावर बसून जेवायचा विचारही अजून सोडून देऊ नका. तिथल्या बहुतेक रेस्टॉरंटांचं बुकिंग दोन तास आधीपर्यंत दंडाशिवाय रद्द करता येतं. न कळवता गेलं नाही तर माणशी १० डॉलर कापतात. याचा परिणाम असा की लोक दोन-तीन ठिकाणं धरून ठेवतात आणि आयत्या वेळी नको ती सोडून देतात. ती टेबलं कोणाला मिळतात? आदल्या रात्री, सकाळी उठल्यावर आणि जेवायच्या तीनेक तास आधी जो ॲप उघडून बघतो त्याला. दिवसभर त्यात डोकं घालून बसायची गरज नाही, या तीन वेळा पुरतात.

इथे तुमच्या सहा या आकड्याचा अडथळा होतो. सहा जणांचं टेबल क्वचितच सुटतं, चारचं आणि दोनचं बऱ्याचदा. तेव्हा चार आणि दोन असं वेगवेगळं शोधा. जवळपासच्या वेळा मिळाल्या तर दारात सांगा की आम्ही एकच कुटुंब आहोत, शेजारी बसवता येईल का. बसवलं तर उत्तम. नाहीच बसवलं तर एका टेबलावर आजोबा आणि नातू, दुसऱ्यावर बाकीचे. त्यात वाईट काय आहे? अकरा वर्षांच्या मुलाने आजोबांना मेनू समजावून सांगावा, बिलाच्या वेळी कार्ड पुढे करावं, हे त्या दोघांनाही आवडेल असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मार्ग म्हणजे वॉक-अप यादी. तुम्ही त्या रेस्टॉरंटच्या आसपास असाल आणि फोनचं लोकेशन सुरू असेल, तर ॲपमध्ये त्याच्या पानावर यादीत नाव घालायचा पर्याय दिसतो. किती जण ते भरायचं, अंदाजे किती वेळ लागेल ते कळतं, मग दारात ताटकळत न बसता जवळपास हिंडायचं. टेबल तयार झालं की निरोप येतो. पर्याय दिसला नाही तर यादी भरली आहे किंवा बंद केली आहे असं समजा. तरी दारातल्या माणसाला एकदा विचारा, हसून विचारलं तर ते कुठे जागा आहे तेही सांगतात. मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीटवरचं टोनीज टाउन स्क्वेअर किंवा ॲडव्हेंचरलँडमधलं स्किपर कँटीन अशा ठिकाणी, किल्ल्याच्या मानाने, आयत्या वेळी जागा मिळायची शक्यता बरीच जास्त असते. एपकॉटमध्ये वेगवेगळ्या देशांचे विभाग आहेत, त्यातल्या इटलीत व्हिया नापोली आहे. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, आणि त्या तिन्ही भट्ट्यांना इटलीतल्या ज्वालामुखींची नावं दिली आहेत, एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली. मुलाला तेवढं सांगा, रांग सुसह्य होईल.

सगळ्यांनी एकदा निवांत बसून जेवायचं, त्यासाठी मला विचाराल तर पार्कच्या आत बसूच नका. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलाच्या किडानी व्हिलेजमध्ये साना नावाचं रेस्टॉरंट आहे. जेवण आफ्रिकी आणि भारतीय धाटणीचं. तिथला नानाचा प्रकार प्रसिद्ध आहे: नान, कुलचा असे वेगवेगळे प्रकार आणि सोबत वाट्यांमध्ये नऊ चटण्या-कोशिंबिरी. कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, रायतं, सगळं ओळखीचं. खिडकीबाहेर माळरान आहे आणि त्यावर जिराफ, झेब्रे चरत असतात. अंधार पडल्यावर ते दिसत नाहीत, तेव्हा दुपारच्या जेवणाला जा. चार आणि दोनची युक्ती आधी इथेच वापरून बघा. एक अडचण आहे, गर्दीच्या दिवसांत रिझर्व्हेशनशिवाय गाडी हॉटेलच्या फाटकातून आत सोडत नाहीत. टेबल मिळालं नसेल आणि वॉक-अपच्या भरवशावर जायचं असेल तर ॲनिमल किंगडमच्या दारातून लॉजकडे जाणारी बस घ्या. तिकीट लागत नाही.

राहिली राजकन्या. मुलीला कबूल केलंत ते पाळायचंय, बरोबर. पण तिला किल्ल्यात जेवायचंय की राजकन्येला भेटायचंय, हे तिलाच विचारून बघा. सहा वर्षांची मुलं जेवणाच्या ताटाकडे बघतही नाहीत, सगळं लक्ष झग्याकडे आणि फोटोकडे. मॅजिक किंगडममध्ये प्रिन्सेस फेअरीटेल हॉल आहे, तिथे राजकन्या भेटतात आणि त्याला जेवणाचं बुकिंग लागत नाही, रांग लावायची. पार्क उघडल्या-उघडल्या तिकडे गेलात तर रांग छोटी असते.

तिचा हट्ट जेवणाचाच असेल तर एपकॉटच्या नॉर्वेमधलं आकर्सहुस बघा. तिथेही राजकन्या टेबलाजवळ येतात आणि किल्ल्यापेक्षा जागा मिळणं सोपं असतं. आणि सहा जणांसाठी शोधू नका, दोघांसाठी शोधा. तुम्ही आणि लेक. किंवा तिचे बाबा आणि लेक, किंवा आजी आणि लेक, भाषेची अडचण वाटत नसेल तर. अशा जेवणात दहा वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना मोठ्यांचा दर लागतो, म्हणजे तुमचा मुलगा पूर्ण पैशांत, आणि त्याला राजकन्यांमध्ये रस नाही. आजोबा अर्धी पोळी खाणार आणि पूर्ण ताटाचे पैसे जाणार. दोघी गेलात तर बाकीचे चौघं त्या वेळात पिझ्झा खातील, कुणाचंही काही अडणार नाही. सगळ्यांना सोडून आपण दोघींनीच जायचं हे बरं दिसेल का, असा विचार तुमच्या मनात लगेच येईल. मी तुम्हाला खात्रीने सांगते, आई-बाबांना त्या तासाभरात सावलीतल्या बाकावर बसून माणसं बघायला मिळाली तर तेच हवं असेल.

तुमच्या यजमानांचं ‘तिथे गेल्यावर बघू’ ऐकून तुम्हाला राग आला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल: डिस्नीत खरोखरच बरंचसं तिथे गेल्यावर होतं. फक्त बघू म्हणणाऱ्याने बघायला हवं. तेव्हा ॲप त्यांच्या फोनवर घाला, कार्ड त्यांचं जोडा, सगळ्यांची तिकिटं त्याच खात्यात घ्या. रोज रात्री आणि सकाळी टेबल शोधणं, अकराची मोबाइल ऑर्डर देणं, वॉक-अप यादीत नाव घालणं ही तिन्ही कामं त्यांची. हे भांडून सांगू नका, निघण्यापूर्वी एका संध्याकाळी दोघांनी बसून ॲप उघडा आणि वाटून घ्या. फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरते, चार्जिंगची पॉवर बँक त्यांच्याच खिशात असू दे. आणि एकदा दिलेल्या कामात पुन्हा डोकावू नका. त्यांनी निवडलेलं ठिकाण तुमच्या आवडीचं नसलं तरी त्या दिवशी तिथेच जेवा.

भारतातून थेट जाणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी. बुकिंगला आंतरराष्ट्रीय चालणारं क्रेडिट कार्ड लागतं, ते निघण्यापूर्वीच ॲपमध्ये जोडून चालतंय ना ते बघा. पार्कमध्ये फुकट वायफाय आहे, पण गर्दीत ते भरवशाचं नसतं, आणि वॉक-अपचा निरोप चुकला तर नाव जातं, म्हणून तिथलं सिम किंवा रोमिंग घ्या. अनेकांचा आणखी एक गोंधळ होतो: पूर्वी पार्कमध्ये शिरण्यासाठीही वेगळं रिझर्व्हेशन लागायचं. तारखेच्या साध्या तिकिटांना २०२४च्या जानेवारीपासून ते लागत नाही. जेवणाचं बुकिंग नाही म्हणून पार्कमध्येच सोडणार नाहीत, अशी भीती कुणी घालत असेल तर ती खोटी आहे.

रात्रीच्या जेवणाचं मी काही लिहिलं नाही, कारण त्याची काळजी करायचं कारण नाही. सहा-साडेसहाला पार्कमधून निघा आणि किसिमीला परत जाताना वाटेतल्या एखाद्या भारतीय हॉटेलात जेवा, किंवा घरी जाऊन मुगाच्या खिचडीचा कुकर लावा. रात्रीची आतषबाजी एकाच दिवशी बघा. त्या दिवशी दुपारी घरी येऊन सगळ्यांनी झोप काढायची आणि जेवून संध्याकाळी परत जायचं. त्याच दिवशीचं तिकीट असलं की पुन्हा आत सोडतात.

आणि टेबलावर बसून जेवलात तर पैसे देण्यापूर्वी बिल नीट वाचा. सहा किंवा जास्त जण असले की १८ टक्के टिप सहसा बिलातच धरलेली असते, वर पुन्हा द्यावी लागत नाही. चार आणि दोन अशी वेगळी टेबलं घेतलीत तर मात्र ती तुम्हालाच लिहावी लागेल.

तुमची,
सदरलेखिका